घरी दिसणारच असेल तर थिएटरला का जावे?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. घरी यजमान, वयस्क सासूबाई आणि हापूसची छोटी बाग आहे. लग्नानंतरची काही वर्षे शहरात गेल्यामुळे थिएटरला जाऊन चित्रपट पाहण्याची त्यांना चांगलीच गोडी लागली होती. आता जवळचे चित्रपटगृह एसटीने सव्वा तासावर आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने मोठा टीव्ही घेऊन दिला आहे आणि ओटीटीची वर्गणीही तोच भरतो. त्यामुळे एखादा गंभीर, कौटुंबिक किंवा सामाजिक चित्रपट पाहायला जाऊ या म्हटले, की यजमानांचे उत्तर ठरलेले असते : "लढाया नि मारामाऱ्या असतील तर मोठा पडदा हवा. माणसं बोलतायत, रडतायत, ते बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? दोन महिन्यांत घरी येईल." मध्यंतरी एका चित्रपटाचे फार कौतुक वाचून त्या हट्टाने यजमानांना घेऊन गेल्या. भाड्याची गाडी, तिकिटे आणि खाणे मिळून दीड हजाराच्या घरात खर्च झाला आणि चित्रपट काही मनाला भिडला नाही. तेव्हापासून घरात हा विषय काढायचीही चोरी झाली आहे. त्या विचारतात, अलीकडचे असे चित्रपट खरोखर थिएटरला जाऊन पाहण्याच्या योग्यतेचे असतात का? असल्यास कोणता तिथे पाहावा आणि कोणता घरी, हे आधी कसे ओळखावे? आणि आपण गेलो नाही, तर मराठी चित्रपट मागे पडण्यात आपलाही वाटा असतो का?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या यजमानांचे म्हणणे आधी घेऊ, कारण ते त्यांच्या एकट्याचे नाही. मोठा पडदा मोठ्या दृश्यांसाठी आणि माणसांच्या गोष्टी घरच्या पडद्यासाठी, ही वाटणी करोनानंतर बहुतेक घरांत पक्की झाली आहे आणि चित्रपटगृहवालेही तसाच हिशेब धरतात. युद्धपट किंवा पौराणिक भव्यपट आला, की लहान गावातल्या चित्रपटगृहातही दिवसभर त्याचेच खेळ लागतात आणि शांत प्रकृतीच्या चित्रपटाला दुपारचा एखादा खेळ मिळाला तर मिळतो. मला ही वाटणी मुळातच उलटी वाटते. मारामारीच्या चित्रपटात क्षणोक्षणी डोळ्यांपुढे काहीतरी आदळत असते, त्यामुळे टीव्हीवर थरार कमी झाला तरी काय चालले आहे ते कळत राहते. मध्येच उठून पाणी पिऊन आलात, तरी गोष्टीचा धागा सुटत नाही. ज्या चित्रपटातली माणसे मनातले बोलून दाखवत नाहीत, त्यात मात्र एखादी नजर, हातात घेऊन परत ठेवलेली वस्तू, उत्तर द्यायला लागलेला वेळ, एवढ्यावरच सारे उभे असते. ते पाच सेकंद हुकले, की पुढचा अर्धा तास 'यात काही घडतच नाही' असे वाटत राहते.

तुमच्याच जिल्ह्याशी नाते असलेले उदाहरण देते. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या चित्रपटाला मे २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो देशभरच्या निवडक चित्रपटगृहांत लागला आणि जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला ओटीटीवरही आला. मुंबईतल्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या तीन बायकांची ही गोष्ट आहे. त्यांतली पार्वती, जिची भूमिका छाया कदम यांनी केली आहे, ही रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. बिल्डरमुळे राहते घर सोडावे लागल्यावर ती रत्नागिरीकडच्या आपल्या समुद्रकाठच्या गावी परतते आणि तिला पोचवायला दोघी मल्याळी परिचारिका सोबत येतात. त्या दोघींपैकी प्रभाचा नवरा लग्नानंतर लगेच जर्मनीला गेलेला आहे आणि आताशा त्याचा फोनही येत नाही. एके दिवशी तिच्या पत्त्यावर पार्सल येते, त्यात चिठ्ठी नसते, असतो तो भात शिजवायचा एक लाल विजेचा कुकर. नंतर रात्री, घरात सामसूम झाल्यावर, प्रभा तो कुकर बाहेर काढते, जमिनीवर बसते आणि त्याला मिठी मारते. कोणी काही बोलत नाही आणि तिच्या मनात काय चालले आहे हे सांगायलाही कोणी येत नाही. काळोखात, उठून जाण्याची सोय नसताना, हे दृश्य पाहणाऱ्याच्या अंगावर येते. घरी नेमके त्याच वेळी कोणी "चहा ठेवतेस का?" असे विचारले, तर एक बाई रात्री भांडे घेऊन बसली आहे एवढेच दिसते आणि दृश्य निघून जाते. या चित्रपटाचा पूर्वार्ध मुंबईच्या पावसाळी, निळसर रात्रींत घडतो आणि उत्तरार्ध किनाऱ्यावरच्या उजेडात. तो उजेड तुमच्या-माझ्या रोजच्या ओळखीचा आहे, पण पडद्यावर तो अचानक समोर येतो तेव्हा त्या तिघींना मुंबईत काय मिळत नव्हते ते न सांगता कळते. टीव्हीच्या काचेवर खिडकीचे प्रतिबिंब पडलेले असेल, तर हा बदल लक्षातही येत नाही.

आता 'घरी येईल' या वाक्याकडे वळू. घरी येणे आणि घरी पाहिले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्ही शेवटचा गंभीर चित्रपट घरी कधी पाहिलात आणि तो किती बैठकांत पुरा झाला, हे आठवून पाहा. बहुतेक घरांतला अनुभव असा, की यजमान आरामखुर्चीत बसून सलग पाहतात आणि घरातली बाई तोच चित्रपट येता-जाता पाहते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, सासूबाईंच्या औषधाची वेळ होते, बागेतला गडी मजुरी मागायला मागीलदारी उभा असतो, मुंबईहून फोन येतो आणि या सगळ्यांतून वेळ सापडला, तर नेमकी लाईट जाते. उरलेला भाग 'उद्या पाहू' म्हणून राहतो आणि तो उद्या येत नाही. मुलाने घेऊन दिलेला टीव्ही उत्तमच असेल; अडचण टीव्हीची नाहीच. घरात ज्या माणसाला कोणीही, केव्हाही हाक मारू शकते, त्या माणसाला सलग दोन तास घरी मिळत नाहीत. यजमानांना ते मिळतात, म्हणून त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर आहे. तुमचा हिशेब वेगळा निघतो, आणि तो वेगळा निघण्यात तुमची चैन किंवा हौस दिसते असे मुळीच नाही. थिएटरचे तिकीट घेताना तुम्ही पडद्याच्या आकाराबरोबरच कोणी हाक मारू शकणार नाही असे दोन तास विकत घेता. हे मी सगळ्यांत आधी मोजते.

यजमानांशी बोलायचे झाल्यास गावच्या नमनाची, म्हणजे आपल्या कोकणी लोकनाट्याची, आठवण करून द्यायला हरकत नाही. संकासुर केव्हा येणार, गण-गौळण कशी होणार, हे गावातल्या पोरासोरांनाही पाठ असते. त्यातले काही मोबाइलवरही दिसते. तरी थंडीत पहाटेपर्यंत माणसे बसून राहतात, कारण तिथे बसून पाहणे हेच खरे पाहणे, असे आपण सगळेच मानतो. चित्रपटाच्या बाबतीत हे मानायला अवघड का वाटावे?

याचा अर्थ प्रत्येक गंभीर चित्रपटासाठी एसटी पकडावी असा मात्र नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की अलीकडच्या मराठी-हिंदी कौटुंबिक आणि सामाजिक चित्रपटांपैकी बरेचसे घरी पाहिले तरी काही बिघडत नाही. त्यांत पात्रे आपले दुःख सविस्तर बोलून दाखवतात, कोठे रडायचे ते पार्श्वसंगीत आधीच सांगते आणि चेहरे सतत जवळून दाखवलेले असतात. असे चित्रपट वाईट असतात असे नाही. संवाद चांगले असतील आणि नट कसलेले असतील, तर ते मन लावून पाहावेसे वाटतात. पण त्यांतले बहुतेक सारे कानांनी कळते, आणि कानांनी कळणारी गोष्ट भाजी निवडतानाही कळते. नाटकावरून केलेल्या चित्रपटांना हे विशेष लागू पडते. उलट ज्या दिग्दर्शकाला थांबायला आवडते, जो काळोख, पाऊस, गर्दी आणि शांतता यांच्याकडून काम करून घेतो, त्याचा चित्रपट मिळत असेल तर थिएटरलाच पाहावा.

हे आधी ओळखण्याची माझी खात्रीची वाट म्हणजे दिग्दर्शकाचे नाव पाहणे. आपण नट पाहून चित्रपट निवडतो, पण एकच नट बोलघेवड्या चित्रपटातही असतो आणि अबोल चित्रपटातही. चित्रपट कसा सांगितला जाणार हे दिग्दर्शक ठरवतो. नव्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाचा आधीचा एखादा चित्रपट ओटीटीवर असेल, तर त्याची पहिली वीस मिनिटे रात्री जेवणे आटोपल्यावर पाहा. तेवढ्यात तुम्हाला उठावेसे वाटले, तर नव्यासाठी थांबा. 'हा मोठ्या पडद्यावर पाहायला हवा होता' असे वाटले, तर नव्याची तारीख लिहून ठेवा. दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट असेल, तर मात्र परीक्षणांकडे जावे लागते. परीक्षण वाचताना तारे मोजू नका, निकालाचे शेवटचे वाक्यही वाचू नका. मधला वर्णनाचा भाग वाचा. परीक्षकाने कथानक आणि 'दमदार अभिनय' यांपलीकडे एखादे दृश्य, एखादा आवाज, एखादी जागा यांविषयी काही लिहिले आहे का, ते शोधा. तीन परीक्षकांना एकच दृश्य लिहावेसे वाटले असेल, तर त्या चित्रपटात डोळ्यांनी पाहण्यासारखे काहीतरी आहे. तुमच्या मुलासारखा कोणी मुंबई-पुण्याला पाहून आला असेल, तर 'चांगला आहे का?' असे विचारू नका, कारण त्यावर 'ठीक आहे' यापलीकडे उत्तर मिळत नाही. 'दुसऱ्या दिवशी त्यातले काय आठवले?' असे विचारा. उत्तरात गोष्ट सांगितली गेली, तर घरी पाहा. उत्तरात एखादे चित्र सांगितले गेले, तर जा.

ट्रेलरवर विसंबू नका. संथ चित्रपटाचा ट्रेलरही झटपट कापलेला असतो, त्यावर ठेका धरणारे संगीत चढवलेले असते आणि रहस्यकथा असल्याचा भास निर्माण केलेला असतो. त्या अपेक्षेने गेलेला प्रेक्षक मध्यंतरापर्यंत वैतागतो. तुमचा विरस झाला त्या वेळी हेच घडले असणे अगदी शक्य आहे.

त्या फेरीबद्दल आणखी एक विचारते. तुम्ही यजमानांना हट्टाने नेलेत, म्हणजे तिकिटाबरोबरच वादाचा निकालही त्या दिवशी लागायचा होता. असे गेल्यावर आपण चित्रपट पाहत नाही, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला तो आवडतो आहे का ते पाहत राहतो. त्याने एकदा घड्याळात पाहिले, की आपल्या मनातला चित्रपट तिथेच संपतो. नवरा-बायकोने चित्रपट जोडीनेच पाहायला हवा, हे गृहीतक एकदा तपासून पाहावे असे मला वाटते. तुमच्याबरोबर निवृत्त झालेल्या एखाद्या बाई, शेजारच्या वहिनी किंवा बहीण, यांच्यापैकी कोणाला अशा चित्रपटांची ओढ असेल, तर त्यांच्याबरोबर जा आणि यजमानांना त्या दुपारी सासूबाईंजवळ थांबायला सांगा. तसे विचारले, तर ते आनंदाने थांबतील असा माझा अंदाज आहे. त्यांची तक्रार तुमच्या जाण्याबद्दल नसून स्वतःला जावे लागण्याबद्दल असावी, असे तुमच्या पत्रावरून वाटते. ओळखीचे कोणीच मिळाले नाही, तर एकटीने जा. दुपारच्या खेळाला एकट्या बाईने चित्रपट पाहणे यात चोरून करण्यासारखे काही नाही.

बायकांनी मिळून जाण्याचे सामर्थ्य काय असते, हे ३० जून २०२३ रोजी लागलेल्या 'बाईपण भारी देवा'ने दाखवून दिले. सहा बहिणी आणि मंगळागौर हा त्याचा विषय. मांडणी म्हणून पाहिले, तर तो घरच्या टीव्हीवरही नीट कळणारा चित्रपट आहे, पण भिशीच्या आणि भजनी मंडळाच्या बायका घोळक्याने थिएटरला गेल्या आणि एकमेकींबरोबर पाहण्यातच त्यांना त्याचा खरा आनंद मिळाला. तेव्हा चित्रपट बोलका असूनही, तो कोणाच्या सोबतीने पाहायचा यावरून जाण्याचे ठरू शकते. १२ सप्टेंबर २०२५ ला लागलेला 'दशावतार' हाही असाच. त्यात दिलीप प्रभावळकर यांनी उतारवयातल्या दशावतारी कलावंताची भूमिका केली आहे. ज्या प्रेक्षकांनी जत्रेत रात्र-रात्र बसून तो खेळ पाहिलेला आहे, त्यांच्यामध्ये बसून हा चित्रपट पाहणे आणि घरी एकट्याने पाहणे यांत पुष्कळ अंतर पडते.

आता थिएटरविषयी, कारण तुमचा प्रश्न अर्धा चित्रपटाचा आणि अर्धा थिएटरचा आहे. चित्रपटगृहात पोचणाऱ्या डिजिटल प्रतीत चित्रासाठी सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत माहिती मावते. ओटीटीवर उत्तम दर्जाचे, म्हणजे ४के चित्र दिसण्यासाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग सुचवते. दिवसाउजेडी घडणाऱ्या दृश्यांत हा फरक फारसा कळत नाही, पण रात्रीच्या किंवा धुक्याच्या दृश्यांत घरच्या पडद्यावर काळोखाचे चौकोनी ठिपके पडतात आणि अंधारातला चेहरा हरवतो. मात्र ही श्रीमंती चित्रपटगृहाने आपले काम नीट केले तरच पदरात पडते. थिएटरच्या पडद्यावरचा प्रकाश मुळात टीव्हीपेक्षा बराच कमी, ४८ निट्सच्या (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) आसपास, ठेवण्याचे प्रमाण आहे; हॉल पूर्ण काळोखी असतो म्हणून तेवढा पुरतो. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला असेल, पडदा मळलेला असेल किंवा दाराच्या फटीतून ऊन येत असेल, तर शांत आणि अंधारा चित्रपट तिथे घरापेक्षाही वाईट दिसतो. तुमच्या जवळच्या चित्रपटगृहाची ही परीक्षा आधी एखाद्या चालू चित्रपटाला करून ठेवा. तिथले चित्र फिके आणि आवाज फुटका असेल, तर गंभीर चित्रपटांसाठी ते थिएटर तुमच्या उपयोगाचे नाही. मुलाकडे मुंबईला किंवा नातेवाइकांकडे कोल्हापूरला जाणे होईल, तेव्हाच एखादा पाहा आणि बाकीचे घरी पाहा. थिएटर बरे असेल, तर बसताना पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, मधली खुर्ची घ्या. आवाज तिथे सर्वांत नीट जुळतो.

खर्चाचा विचार तुम्ही एकदम दीड हजार असा केला आहे, म्हणून तो जड वाटतो. भाड्याची गाडी हा त्यातला सर्वांत मोठा आकडा होता. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे आणि त्यावरच्या तिकिटांना १८ टक्के कायम आहे. लहान गावातल्या एकपडदा चित्रपटगृहांत दुपारची तिकिटे अनेकदा या शंभराच्या आतच असतात. घरून जेवून निघालात आणि दुपारच्या खेळाला गेलात, तर संध्याकाळच्या गाडीने दिवेलागणीपर्यंत घरी पोचता येते. खेळ संपण्याची वेळ आणि परतीची गाडी यांत किमान अर्धा तास राहील असे पाहा, कारण जाहिरातींमुळे चित्रपट वेळेवर सुरू होतोच असे नाही. निघण्यापूर्वी चित्रपटगृहात फोन करून खेळ नक्की होणार आहे का ते विचारा. प्रेक्षक फारच थोडे आले, तर लहान ठिकाणी खेळ रद्द होतो आणि हे तिथे जाऊन कळणे फार मनस्तापाचे असते.

तुमचे वर्ष बागेच्या आणि सणांच्या वेळापत्रकावर चालते, हेही धरून चला. मार्च ते मे आंब्याच्या कामातून मान वर करता येत नाही, पावसाच्या जोरात घाटरस्त्यांचा भरवसा नसतो आणि गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेले असते. उरलेल्या महिन्यांत वर्षाकाठी तीन-चार चित्रपट थिएटरला पाहायचे असे ठरवलेत, तर ते घरालाही झेपेल आणि निवडही नेटकी होईल. ठरवलेला चित्रपट मात्र पहिल्याच आठवड्यात पाहा. शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाचे पुढचे खेळ शनिवार-रविवारच्या गल्ल्यावर ठरतात आणि मराठी चित्रपटाचा दुपारचा खेळ दुसऱ्या शुक्रवारी तिथे असेलच असे सांगता येत नाही. यजमानांच्या 'दोन महिन्यां'बद्दलही सांगायला हवे : हिंदी चित्रपट ओटीटीवर येण्याआधी आठ आठवडे जावेत, असा मोठ्या मल्टिप्लेक्सवाल्यांचा २०२२ पासूनचा आग्रह आहे, पण मराठी चित्रपटांचे तसे काही ठरलेले नाही. काही महिना-दीड महिन्यात येतात, काहींना ओटीटीचा ग्राहकच मिळत नाही आणि ते बराच काळ कोठेच दिसत नाहीत. लहान निर्मात्याचा मराठी चित्रपट असेल, तर 'घरी येईल' हे गृहीत धरू नये.

आपण गेलो नाही तर मराठी चित्रपट मागे पडतो का, या तुमच्या प्रश्नातली तळमळ मला समजते, पण हे ओझे तुम्ही घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. कर्तव्य म्हणून पाहिलेला चित्रपट हा ना धड आनंद देतो ना त्या चित्रपटाला खरा प्रेक्षक मिळवून देतो. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले आणि १९ सप्टेंबर २०२५ ला तो आपल्याकडे लागला, 'दशावतार'नंतर बरोबर एका आठवड्याने. 'दशावतार'ला कोकणात घराघरांतून लोक गेले. 'साबर बोंडं'चे खेळ निवडक ठिकाणीच होते आणि किनाऱ्यावरच्या पुष्कळ गावांतल्या प्रेक्षकांना तो जवळपास मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जो चित्रपट तुमच्यापर्यंत आणलाच गेला नाही, तो न पाहिल्याची खंत तुम्ही का करावी? तुमच्याकडून व्हावे असे एवढेच, की ज्या चित्रपटासाठी जायला तुम्हाला मनापासून आवडले असते आणि जो तुमच्या गावाजवळ लागला नाही, त्याची चौकशी चित्रपटगृहाच्या मॅनेजरकडे फोन करून करा. लहान गावात असे दहा-बारा फोन आले, तर ते कानामागे टाकले जात नाहीत.

जे चित्रपट घरी पाहायचे ठरेल, त्यांच्यासाठी टीव्हीत एक बदल जरूर करून घ्या. नव्या टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत दाखवण्याची सोय कारखान्यातूनच चालू असते आणि तिच्यामुळे उत्तम चित्रपटही दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. मुलगा सुट्टीला येईल तेव्हा त्याला पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन 'मोशन' नावाची ही सोय बंद करायला आणि 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' हा पर्याय निवडायला सांगा. चित्रपट आधीच डाऊनलोड करून ठेवता आला, तर नेट गेल्याने रसभंग होत नाही. टीव्हीचा आवाज बहुधा मागच्या किंवा खालच्या बाजूने येतो, म्हणून हळू आवाजातले बोलणे कळत नाही. साधा बाहेरचा स्पीकर जोडला किंवा मराठी चित्रपटालाही खालची अक्षरे चालू ठेवली, तर पुष्कळ फरक पडतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती वेळ घरात आधी जाहीर करा. रात्री साडेनऊला दार लोटून दिवा बंद करून बसणार आहे आणि मधले चहापाणी यजमान पाहतील, असे सकाळीच सांगून ठेवा.

अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी सांगते. सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ या बाजूच्या वाचकांना पणजी जवळ आहे. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तिथे भरतो, बहुधा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, आणि त्याच्या इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागात मराठी चित्रपटही असतात. एरवी आपल्या भागात न येणारे चित्रपट उत्तम पडद्यावर सलग दोन-तीन दिवस पाहता येतात. प्रतिनिधी म्हणून ऑनलाइन नोंदणी मात्र आधी करावी लागते.

जिथे थिएटरच नाही, अशा गावांतल्या वाचनालयांनी प्रोजेक्टर लावून चित्रपट दाखवावेत अशी सूचना पुष्कळ वाचक करतात आणि ती मला मनापासून आवडते. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८ पासून अशा सामूहिक पाहण्याची गोडी लावत आले आहे. फक्त घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात चित्रपट दाखवता येत नाही, कारण ती वर्गणी घरगुती वापरापुरती असते. निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्यावी लागते. ज्यांच्या चित्रपटांना कोकणात खेळ मिळाले नाहीत, अशा लहान निर्मात्यांना असे पत्र मिळाल्यास आनंदच होईल. पत्र वाचनालयाच्या नावाने लिहावे आणि त्यात सभागृहाची आसनसंख्या, प्रोजेक्टर व ध्वनीची व्यवस्था, प्रवेश विनामूल्य आहे की तिकीट लावून, आणि खेळानंतर दिग्दर्शकाशी फोनवर गप्पा ठेवायची तयारी आहे का, हे सारे स्पष्ट कळवावे.